मोठ्या बटणाकडे झुकाव

बोरखडीच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली आणि सकाळी दहाच्या आत यल्लाप्पा विटकर गावात फितूर ठरले.

यादी साधीच होती. गावाबाहेरची बंद पडलेली दगडखाण पुन्हा सुरू करायला गावाची संमती आहे का, एवढाच प्रश्न होता. पूर्वी अशा प्रश्नाला ग्रामसभेत हात वर करून उत्तर देत. दोन वर्षांपूर्वी नवा कायदा आला आणि वर केलेल्या हाताची जागा मोबाइलवरच्या 'लोकसंमती' ॲपनं घेतली. हात सगळ्यांसमोर वर व्हायचा, म्हणून हे मतही सगळ्यांसमोर, नावानिशी भिंतीवर लावायची पद्धत राहिली. संमत सदुसष्ट, असंमत एक्कावन्न. संमतच्या रकान्यात चौथं नाव विटकर यल्लाप्पा भीमा.

खाण बंद पडून बारा वर्षं झाली होती. तिच्या खड्ड्यात पाणी साठलं होतं आणि दगड फोडणाऱ्यांची सगळी वस्ती त्याच पाण्यावर जगत होती. खाण सुरू करायची म्हणजे आधी ते पाणी उपसून टाकायचं. पंप सोमवारी येणार होते. यादी लागली तो वार मंगळवार.

यल्लाप्पांनी पुण्याला लेकीला फोन लावला.

"अंबू, म्या 'होय' न्हाई दाबलं. 'नाही' दाबलं हुतं. आन् यादीत नाव तिकडं गेलंय."

अंबिका विटकर तेव्हा ऑफिसात मीटिंगच्या खोलीच्या दारात उभी होती. मोबाइलची ॲप्स बनवणं हा तिचा धंदा. या धंद्यातल्या माणसाला रोज कुणी ना कुणी सांगतं की मी काहीच केलं नाही, आपोआप झालं. अशा लोकांना मनातल्या मनात हसायची आणि वरवर धीर द्यायची सवय लागते. तिलाही लागली होती.

"अण्णा, तुमचा हात हलतो. तुम्हीच चुकून दाबलं असेल."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग "बरं" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अंबिका मीटिंगला गेली. त्या "बरं"मध्ये काय होतं हे तिला तेव्हाच ऐकू यायला हवं होतं, पण घाईत असलेल्या माणसाला बापाचं मौन ऐकू येत नाही, ही गोष्ट तिनं पुढे स्वतःला कधी माफ केली नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं उलटा फोन केला. अण्णा घरातच होते. बाहेर पडत नव्हते.

"मरगूनं पारावर सगळ्यांदेखत मला फितूर म्हनलं," ते म्हणाले.

मरगू धोत्रे म्हणजे अण्णांचा जोडीदार. मशीन यायच्या आधी दगडाला भोक पाडायचं तर एकानं छिन्नी धरायची आणि दुसऱ्यानं तिच्यावर घण घालायचा. अण्णा घण घालायचे, मरगू धरायचा. चुकीचा एक घाव पडला असता तर मरगूची बोटं गेली असती. त्या बोटांना कधी ओरखडाही आला नव्हता.

"आन् त्याचं सवताचं नाव कुठंय?" अण्णा म्हणाले. "माझ्याखालीच, संमतमधी. त्यो म्हनतो त्यानंबी 'नाही'च दाबलं. आता म्या त्याला फितूर म्हनू का?"

अंबिकाचा घास हातातच राहिला. एका माणसाचा हात चुकतो. दोघांचा एकाच बाजूला चुकतो तेव्हा चूक हाताची नसते. ग्रामसेवकांनी गावाच्या ग्रुपवर यादीचा फोटो टाकला होता. तिनं तो मोठा करून नावं वाचली. खाणीत हयात घालवलेले, साठी ओलांडलेले एकोणतीस जण गावात होते. त्यातले सत्तावीस 'संमत'मध्ये होते.

मग तिनं आपल्या फोनवर 'लोकसंमती' ॲप उतरवून घेतलं आणि त्याच्या पोटात, सेटिंग्जच्या तळाशी, कुणीही कधी उघडत नाही असं एक पान असतं ते उघडलं. ॲपमध्ये कोणकोणत्या बाहेरच्या लायब्रऱ्या वापरल्या आहेत याची तिथं यादी असते. अकरावं नाव तिच्या ओळखीचं होतं. थारा.

थारा तिनं लिहिली होती.

ॲप म्हणजे कुणीतरी एकट्यानं बसून शून्यापासून लिहिलेली गोष्ट, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं काही नसतं. पंगतीचा आचारी मसाला स्वतः कुटत बसत नाही, तयार पुड्या आणून टाकतो. ॲप बनवणारेही तेच करतात. नकाशाची एक लायब्ररी, कॅमेऱ्याची एक, अक्षरांची एक, अशा कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या तयार कामांची मोळी बांधतात आणि वर आपलं नाव लावतात. बऱ्याच लायब्रऱ्या फुकट असतात आणि पुडी उघडून आत काय आहे ते बघायची तसदी सहसा कुणी घेत नाही.

नऊ वर्षांपूर्वी अंबिका सोलापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. अण्णांनी तोवर पंचवीस वर्षं दगड फोडायचं ब्रेकर मशीन हातात धरलं होतं. त्या मशीनच्या हादऱ्यांनी बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू मरतात. हात थरथरू लागतो, सेकंदाला सात-आठ वेळा, आणि मग आयुष्यभर थांबत नाही. अण्णांना लेकीला फोन लावता येत नव्हता. बोट तिच्या नावावर जायचं आणि भलत्यालाच लागायचं.

नव्या पडद्यांना बोट काचेला टेकायच्या आधीच, अर्ध्या पेराएवढं वर असताना कळतं. पडदा सेकंदाला एकशे वीस वेळा बोटाची जागा टिपतो. थारा या टिपणांमधून थरथरीची भराभर ये-जा वजा करते. जे उरतं ती संथ, सरळ चाल असते आणि माणसाला जायचंय ते तिकडे. मग प्रत्येक बटणाचा हिशेब मांडून, माणसाला कोणतं हवं असण्याची शक्यता जास्त, हे ती ठरवते. बहुतेक वेळा उत्तर स्पष्ट येतं. पण दोन बटणं एकमेकांना खेटून असतील आणि बोट त्यांच्या सीमेजवळ टेकलं तर दोन्ही शक्यता जवळजवळ सारख्या येतात. अशा वेळी काय करायचं, हे कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं.

ती ओळ लिहिली तो दिवस अंबिकाला चांगला आठवत होता. अण्णा कॉटवर बसून तासभर तिच्या फोनवर बोट टेकवत होते. पडद्यावर दोन बटणं होती. एक मोठं, तिचा फोटो असलेलं, तिला फोन लावायचं. दुसरं लहान, 'रद्द'. शंका आली की थारा थांबायची आणि पुन्हा दाबा म्हणायची. पाचव्या वेळी अण्णा भडकले.

"मला काय पायजे ते तुला म्हाईत हाय की. सारखं सारखं काय इचारायचं? दे लावून."

तिनं दिलं लावून. शंका आली तर मोठं बटण धरायचं. या सेटिंगला तिनं नाव दिलं 'झुकाव' आणि त्याची सुरुवातीची किंमत ठेवली 'मोठ्याकडे'. शेजारी टीप लिहिली: अण्णा चिडू नयेत म्हणून. मग ती लायब्ररी तिनं जगाला फुकट देऊन टाकली. झुकाव गरजेप्रमाणे बदलून घ्यावा, असं माहितीपत्रकात एका ओळीत लिहिलं. आधी भरून ठेवलेली किंमत जगात कुणी बदलत नाही. इतरांच्या लायब्रऱ्या वापरताना ती स्वतःही बदलत नव्हती.

पुढे थरथरत्या हातांनाही वापरता आलं पाहिजे अशी सक्ती सगळ्या सरकारी ॲप्सवर झाली आणि थारा बघता बघता चाळीस हजार ॲप्समध्ये जाऊन बसली. अंबिकाला त्याबद्दल एक ट्रॉफी मिळाली होती. अण्णांनी ती टीव्हीवर ठेवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

गुरुवारी तिनं रजा टाकली आणि 'लोकसंमती' बनवणाऱ्या कंपनीच्या बाणेरच्या ऑफिसात गेली. तिथला प्रमुख तन्मय कारखानीस तिला बघून उठून उभा राहिला.

"थाराच्या अंबिका विटकर? अहो, तुमच्यामुळे आमचं किती काम वाचलं. चहा घेणार की कॉफी?"

"मतदानाचं पान दाखवा," ती म्हणाली.

त्यानं दाखवलं. पडद्याची पाऊण जागा व्यापून हिरवंगार 'होय'. त्याच्या खाली, त्याला खेटून, करड्या रंगात नखाएवढं 'नाही'.

"'होय' एवढं मोठं का?"

"संमतीचं प्रमाण वाढतं. सगळेच करतात." त्यानं अभिमानानं एक आलेख उघडला. "आणि हे बघा, साठीपुढचे. एक्क्याण्णव टक्के संमती, राज्यभर, कुठल्याही प्रश्नावर. तरुणांमध्ये निम्मीसुद्धा नाही. आम्ही याला ज्येष्ठांचा उत्साह म्हणतो."

अंबिकानं तो आकडा पुन्हा वाचला. एक्क्याण्णव टक्के, कुठल्याही प्रश्नावर. रस्ता असो, दारूचं दुकान असो, खाण असो. आणि हा आलेख महिनोन् महिने समोर ठेवून यांच्यातल्या एकालाही प्रश्न पडला नव्हता. की पडला होता आणि गिळला होता?

"हा उत्साह नाही. हे थरथरणारे हात आहेत. ते 'नाही' दाबतात आणि तुमचं मोठं बटण ते ओढून घेतं."

"आमचं बटण नाही, तुमची लायब्ररी ओढून घेते," तो शांतपणे म्हणाला. "आम्ही तिच्यातलं एक अक्षर बदललेलं नाही. आणि तुम्ही घाबरताय कशाला? हे बघा." त्यानं थाराचं परवानापत्र उघडून मोठ्यानं वाचलं. "'ही लायब्ररी जशी आहे तशी दिली आहे. कसलीही हमी नाही. वापरातून होणाऱ्या परिणामांना लेखक जबाबदार नाही.' तुम्हीच लिहिलंय ना? म्हणजे तुम्ही जबाबदार नाही. तुमचं जसंच्या तसं घेतलं, म्हणून आम्हीही नाही. कुणीच नाही."

तो मजकूर अंबिकानं लिहिला नव्हता. सगळे चिकटवतात तसा तिनंही कुठूनतरी उचलून, न वाचता चिकटवला होता. आज पहिल्यांदा तिनं तो ऐकला, तोही या माणसाच्या गुळगुळीत आवाजात. समोर आणून ठेवलेला चहा त्याच्या आलेखावर ओतावा असं तिला फार वाटलं.

"सोमवारी माझ्या गावाचं पाणी उपसणार आहेत," ती म्हणाली.

"तुम्ही नवी आवृत्ती काढा, पुढच्या तिमाहीत आम्ही ती घेऊ. झालेलं मतदान मात्र सीलबंद असतं. त्याला आम्ही हात लावू शकत नाही."

ती उठली. दारात पोचल्यावर त्यानं मागून सांगितलं, "मॅडम, चाळीस हजार ॲप्स आहेत. बोभाटा केलात तर सगळे आधी तुमच्या दारात येतील. विचार करा."

शुक्रवारी सकाळी ती बोरखडीला उतरली. अण्णा अंगणात बसले होते. ती आली तरी जागचे उठले नाहीत.

"अण्णा, तुम्ही 'नाही'च दाबलं होतं."

"ते मला म्हाईत हाय. तुला कवा कळलं?"

तिनं सगळं सांगितलं. कॉटवरचा तो दिवस, झुकाव, मोठं बटण. अण्णा ऐकत होते आणि मांडीवरचे हात हलत होते.

"म्या भडकलो हुतो ते तुला फोन लावायला," ते म्हणाले. "तवा तू समोर हुतीस. माझ्या मनात काय हाय ते तुला ठावं हुतं. त्या हजारो लोकांच्या समोर कोन बसलं हुतं गं? त्यांच्या मनातलं कुनाला ठावं हुतं?"

ती म्हणाली, "मी चुकले." आणि त्याहूनही जड दुसरं होतं तेही बोलली. "मंगळवारी फोनवर मी तुम्हालाच चूक ठरवलं. तेही चुकले."

अण्णा उठून आत गेले. टीव्हीवरची ट्रॉफी त्यांनी खाली काढली, धान्याच्या कोठीमागे ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाले, "आता काय करायचं ते सांग."

करण्यासारखी एक गोष्ट होती. प्रत्येक हाताची थरथर वेगळी असते आणि ती शिकता यावी म्हणून थारा बोटाची कच्ची चाल, दुरुस्त करायच्या आधीची, महिनाभर त्याच फोनमध्ये साठवून ठेवते. ती फोनबाहेर कधी जात नाही. कंपनीला ती आहे हेही माहीत नव्हतं, कारण पुडी कुणी उघडलीच नव्हती.

दुपारपर्यंत समाजमंदिरात त्या सत्तावीसांपैकी सव्वीस म्हातारे आपापले फोन घेऊन जमले. शाळेचा प्रोजेक्टर आणला, खिडक्यांना सतरंज्या लावल्या. ग्रामसेवक कुंभोजकर भाऊसाहेब एका खुर्चीत घाबरून बसले होते. अंबिकानं पहिला फोन मरगूकाकांचा घेतला.

भिंतीवर मतदानाचं पान उमटलं. त्यावर एक लाल ठिपका दिसला. तो थडथड उडत खाली आला, हिरव्या बटणाला वळसा घालून गेला, त्या नखाएवढ्या 'नाही'भोवती तीन सेकंद घुटमळला आणि त्याच्या वरच्या कडेवर टेकला. बोट तिथंच होतं. पेटलं मात्र हिरवं 'होय' आणि बारीक अक्षरांत आलं, 'आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद'. म्हाताऱ्यांनी धन्यवाद वाचलं होतं आणि काम झालं म्हणून फोन खिशात टाकला होता.

"पुन्यांदा लाव," मरगूकाका म्हणाले.

तिनं पुन्हा लावलं. मग अण्णांचा लावला. मग एकेक करत सगळ्यांचे. प्रत्येक ठिपक्याची थरथर निराळी होती आणि जवळजवळ प्रत्येक जण धडपडत त्याच लहान बटणापाशी पोचला होता. दोघांचे ठिपके सरळ 'होय'वर गेले. त्यातल्या एकीनं, गंगव्वानं, मान खाली घातली. तिच्या नातवाला खाणीवर नोकरी कबूल झाली होती.

कुणीतरी तिला बोलायला लागलं तसे अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिचं तिनं दाबलंय. आमचं आम्ही न्हाई."

मरगूकाका अण्णांजवळ येऊन उभे राहिले. "यल्ल्या, माझंबी तसंच झालं की रं."

"तू मला फितूर म्हनलास," अण्णा म्हणाले. "एवढी वर्सं घण घातला म्या, तुझी बोटं जपून. आन् भितीवरच्या कागदावर इस्वास ठिवलास."

मरगूकाका तिथंच, अण्णांच्या पायाशी खाली बसले.

संध्याकाळी पाचच्या आत सगळे तालुक्याला पंचायत समितीत पोचले. गटविकास अधिकारी मॅडमनी टॅबवर चार ठिपके पाहिले आणि टॅब बाजूला सारला.

"यंत्रणेत दोष आहे असं कंपनी म्हणत नाही. तुम्ही म्हणताय. मतदान रद्द करून फेरसभा बोलवायला मला लेखी कारण लागेल. दोष कुणाचा, हे कुणीतरी सही करून द्यायला पाहिजे."

"मी देते," अंबिका म्हणाली.

"नोकरी करता ना? याचे परिणाम माहिती आहेत?"

"परवानापत्रात लिहिलंय, परिणामांना लेखक जबाबदार नाही. ती ओळ मी आता खोडणार आहे."

तिनं कागद घेतला आणि लिहिलं. शंका आली की मोठं बटण धरायचं, हे मी ठरवलं. 'होय'चं बटण मोठं कंपनीनं केलं. एक्क्याण्णव टक्क्यांचा आलेख कंपनीनं पाहिला आणि गप्प बसली. मतदाराला पुन्हा विचारायची तसदी आमच्यापैकी कुणीही घेतली नाही. खाली पूर्ण नाव लिहून तिनं सही केली.

शनिवारी घराच्या ओट्यावर बसून तिनं थाराची नवी आवृत्ती काढली. झुकाव हे सेटिंगच काढून टाकलं. शंका आली तर थांबायचं आणि विचारायचं. जुन्या आवृत्त्या तिनं मागे घेतल्या. आधीच फोनांमध्ये बसलेल्यांना ती हात लावू शकत नव्हती, पण यापुढे ज्याला आपल्या ॲपमध्ये काही बदल करायचा असेल त्याला नवीच थारा घ्यावी लागणार होती. शिवाय चाळीस हजार ॲप्सच्या मालकांना तिनं एकच पत्र पाठवलं: आजवर थरथरत्या हातांनी तुम्हाला दिलेल्या संमत्या पुन्हा तपासा.

जेवणाच्या वेळेपर्यंत शिव्यांचा पाऊस सुरू झाला. आमच्या ग्राहकांना दोनदा दाबावं लागेल. आमची विक्री घसरेल. फुकट देता म्हणून काहीही कराल का? तिच्या स्वतःच्या कंपनीतून फोन आला की पत्र मागे घे, नाहीतर सोमवारी येऊ नकोस. तिनं मागे घेतलं नाही. ज्यांनी नऊ वर्षं फुकट वापरताना एक शब्द विचारला नव्हता, त्यांना आज एवढे प्रश्न पडलेले पाहून तिला हसूही आलं आणि त्या हसण्यात आनंद काही नव्हता.

रविवारी सकाळी समाजमंदिरासमोरच्या मैदानात फेरसभा भरली. मॅडमच्या आदेशात फोनचा उल्लेख नव्हता. जुन्या पद्धतीनं, हात वर करून.

"खाण सुरू करायला ज्यांची संमती नाही, त्यांनी हात वर करा," भाऊसाहेब म्हणाले आणि वही घेऊन रांगांमधून मोजत निघाले. तरुणांचे हात भराभर मोजून झाले. मग ते म्हाताऱ्यांच्या रांगेशी आले आणि अडले. तिथले हात वर जात होते, खाली येत होते, हलत होते. काही खांद्यापर्यंतच पोचत होते. भाऊसाहेब एकदा वहीकडे आणि एकदा हातांकडे बघत राहिले. अंबिका मागे उभी होती. हा माणूस आता अंदाजानं लिहिणार, असं तिला वाटलं.

भाऊसाहेबांनी पेन खाली घेतलं. यल्लाप्पांसमोर येऊन ते जरा वाकले.

"विटकरकाका, हात वर आहे की खाली, मला नीट कळत नाही. तुमचं काय म्हणणं आहे?"

यल्लाप्पांनी हात खाली घेतला. शेजारी मरगू उभा होता. त्यानं तो हात आपल्या हातात धरला आणि दोघांचे हात मिळून हलत राहिले.

"इचारलंस न्हवं?" यल्लाप्पा म्हणाले. "मग लिव. नाही."

भाऊसाहेबांनी लिहिलं आणि पुढच्या माणसाला विचारायला ते एक पाऊल सरकले.